दाखल्यापलीकडची भरती
रंगांधळेपणामुळे लक्ष्मणराव किर्लोस्करांची चित्रकला सुटली. पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये बढतीही डावलली गेली. १९१०मध्ये त्यांनी औंध संस्थानातल्या, आज सांगली जिल्ह्यात असलेल्या, कुंडल रोडच्या माळावर कारखाना आणला. माणसे घेताना त्यांनी दाखल्यांना फार महत्त्व दिले नाही. रात्रीच्या पहाऱ्यावर तर पूर्वीचे दरोडेखोरच नेमले. अर्थात ही सारी पारख एकाच माणसाच्या नजरेवर अवलंबून होती. नांगर विकायला मॅट्रिक न झालेले भाऊराव पाटील गावोगाव हिंडले. लोखंडाने जमीन नासते असे मानणाऱ्या शेतकऱ्यांना समजावणे, हेच माझ्या मते त्यांचे खरे प्रशिक्षण. १९१९मध्ये त्यांनी काले येथे रयत शिक्षण संस्था काढली. १९३५मध्ये साताऱ्यात खेड्यांसाठी शिक्षक घडवणारे अध्यापन विद्यालय.