चांगला हेडफोन कसा ओळखायचा? कापड्याच्या एका तबकडीची गोष्ट

संशोधनाचा विषय 'ग्रामोफोन आणि महाराष्ट्रातले श्रोते' आहे असं सांगितलं की लोक दोनच प्रश्न विचारतात. नोकरी कुठे मिळणार? आणि मग हेडफोन कुठला घ्यावा? पहिल्याचं उत्तर माझ्याकडे नाही. दुसऱ्याचं आहे, पण त्यासाठी जरा मागे जावं लागेल.

हेडफोन हे मुळात गाणं ऐकायचं साधन नव्हतंच. टेलिफोन एक्स्चेंजमधल्या आणि बिनतारी संदेश घेणाऱ्या माणसांच्या कानाला ते असायचं. १९१० च्या सुमारास अमेरिकेतल्या नथॅनिएल बाल्डविनने घरीच बनवलेले हेडफोन तिथल्या नौदलाने घेतले. १९३७ मध्ये जर्मनीत बायरचा डीटी ४८ आला. १९५८ मध्ये जॉन कॉसने स्टिरिओ हेडफोन आणला आणि हे यंत्र दिवाणखान्यात शिरलं. तिथून दोन वाटा फुटल्या. एका वाटेवरचा हेडफोन गाणं गोड करून ऐकवतो. दुसऱ्या वाटेवरचा, म्हणजे स्टुडिओ मॉनिटर, ध्वनिमुद्रणातली चूक दाखवतो. चूक दाखवणारा नेहमी आवडेलच असं नाही. घरातल्या माणसांचंही तसंच असतं!

आता तबकडीची बाजू बघू. १९०२ मध्ये फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यात उतरला आणि त्या नोव्हेंबरमध्ये ग्रामोफोन कंपनीचं हिंदुस्थानातलं ध्वनिमुद्रण सुरू झालं. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. गायक भोंग्यात तोंड घालून गायचा आणि त्या आवाजाच्या जोरावरच सुई मेणावर रेघ कोरायची. साधारण २०० ते २५०० हर्ट्झच्या पट्ट्यातलंच काय ते उमटायचं. १९२५ पासून जगभर विजेवरचं ध्वनिमुद्रण रुळलं आणि हा पट्टा ५००० हर्ट्झच्या आसपास गेला. हेडफोनच्या खोक्यावर मात्र '२० ते २०,००० हर्ट्झ' छापलेलं असतं. म्हणजे माझ्या कामापुरता त्यातला बराचसा भाग रिकामाच! शिवाय त्या दोन आकड्यांच्या मध्ये कुठला स्वर किती चढा वाजतो, हे खोकं सांगतच नाही.

मग मॉनिटर कशाला हवा? उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांचं उदाहरण घ्या. त्यांचं पहिलं ध्वनिमुद्रण विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातलं, भोंग्यासमोरचं. नंतरचं १९३० च्या दशकातलं, मायक्रोफोनसमोरचं. पहिल्यात आवाज जोरकस वाटतो, दुसऱ्यात बारीक आणि आर्त. हा फरक वयाचा, गायकीचा, की यंत्राचा? भोंग्याला जोर लागायचा, मायक्रोफोनला कुजबुजही पुरते. माझ्या प्रबंधाचं एक अख्खं प्रकरण या प्रश्नावर उभं आहे. त्यात माझ्या हेडफोननेच आवाजाला जाडी दिली, तर मी इतिहास लिहीत नाही, हेडफोनची जाहिरात लिहिते.

हे मला कळलं ते कापड्यात. पोलादपूरजवळचं हे गाव. महाड-पोलादपूरकडच्या कितीतरी घरांतली माणसं मुंबईला कामाला गेली आणि सणाला परतताना काय काय घेऊन आली. त्यात कुठेकुठे ग्रामोफोनही आला. इथल्या एका आजोबांकडे पत्र्याच्या पेटीत नाट्यसंगीताच्या काही तबकड्या होत्या. लाखेच्या, म्हणजे पडल्या की कौलासारख्या फुटणाऱ्या. त्यांनी एक दुपार मला दिली. मी ७८ च्या वेगाची टेबलावरची थाळी, योग्य जाडीची सुई आणि लॅपटॉप घेऊन गेले. ऐकायला मात्र मोबाईलबरोबर आलेले, कानात सैल बसणारे इअरफोन. सगळं छान वाजलं. आजोबांनी माना डोलावल्या. मी चहा घेतला आणि निघाले.

विद्यापीठात मॉनिटर हेडफोनवर ऐकलं आणि पोटात गोळा आला. सगळ्या गाण्याखाली एक अखंड 'हूँ'. घरातल्या वायरिंगला अर्थिंग नव्हतं, त्याची ही विजेची गुणगुण. सैल इअरफोनमधून खालचे स्वर गळून जातात, म्हणून मला ती ऐकूच आली नव्हती. ५० आणि १०० हर्ट्झ गाळता आले, कारण भोंग्याच्या तबकडीत तिथे मुळात काही नसतं. पण गुणगुण १५०, २००, २५० वरही होती, म्हणजे थेट गायकाच्या स्वरांच्या वस्तीत. ती काढायला गेलं की आवाजही खरवडला जातो.

परत जाऊन पुन्हा मुद्रण करू म्हटलं. फोनवर आजोबा म्हणाले, "अगं, त्यातली मोठी तबकडी फुटली. पेटी हलवताना पडली. तुझ्याकडे आहे ना ती? मग झालं."

आहे. गुणगुणीसकट.

मग महागडा हेडफोन असता तर वाचलं असतं का? किमतीचा इथे संबंध नाही. २०१७ मध्ये येरून ब्रेबार्टने २८३ हेडफोनची मोजमापं त्यांच्या किमतींशी ताडून पाहिली. ध्वनीचा समतोल आणि किंमत यांचं काही नातं सापडलं नाही. मला हवा होता तो कानावर घट्ट बसणारा, खालचे स्वर न लपवणारा, साधा मॉनिटर. आणि जागेवरच दोन मिनिटं नुसती शांतता ऐकायची शिस्त. ती फुकट आहे.

तर निवडताना मी आता एवढंच बघते. पाठ असलेलं एकच ध्वनिमुद्रण दोन्ही हेडफोनवर लावायचं. दोघांचा आवाज सारखा करायचा, कारण जो मोठा वाजतो तोच कानाला चांगला वाटतो. तास-दोन तास डोक्यावर ठेवायचा. कानाच्या गाद्या आणि वायर बदलून मिळतात का, ते विचारायचं.

एक गोष्ट मात्र कुठलाच हेडफोन सांगत नाही, ती म्हणजे वेग. जुन्या तबकड्या नेमक्या ७८ वरच मुद्रित झाल्या असतील असं नाही. ७२ वर मुद्रित झालेली ७८ वर वाजवली तर गायकाची पट्टी एका अर्ध्या स्वराहूनही जास्त चढते, आणि आपण म्हणतो, 'काय उंच आवाज होता हो पूर्वी!' तिथे तंबोरा घेऊन बसावं लागतं आणि गाणाऱ्या माणसाला विचारावं लागतं.

कापड्याच्या तबकडीची प्रत मी दोन रूपांत जपली आहे, एक गाळलेली आणि एक जशीच्या तशी. प्रबंधात दुसरीच देणार आहे, आणि गुणगुण कुणामुळे आली तेही लिहिणार आहे. पुढच्या खेपेला आजोबांना ऐकवायला मात्र गाळलेली नेईन.