आधी दुसऱ्याचा निरोप

पोलादपूरच्या वरच्या अंगाला आमची वाडी आहे. लहानपणी तिथे मोबाइलला रेंज यायची ती एकाच घराच्या ओट्यावर. त्या घरातल्या काकांना मुंबईहून मुलाचा फोन आला, की तो आधी इतर चाकरमान्यांचे निरोप सांगायचा. ते झाल्यावर बापलेकांचं बोलणं. फोन ठेवून काका निरोप द्यायला निघायचे.

इंजिनिअरिंगला वायरलेस शिकताना हेच काका मला पुन्हा भेटले.

१९७१ साली एडवर्ड व्हान डर म्यूलेन यांनी पाठवणारा, ऐकणारा आणि मधला निरोप्या अशा तिघांचं गणित मांडलं. या तिघांतून जास्तीत जास्त किती माहिती जाईल, याचं सर्वसाधारण उत्तर आजही सापडलेलं नाही. १९७२ मध्ये थॉमस कव्हर यांनी दाखवलं, की दोघांचे संदेश एकावर एक रचून एकाच वेळी पाठवता येतात.

२०१३ मध्ये जपानच्या एनटीटी डोकोमोच्या संशोधकांनी ही कल्पना पुढच्या पिढीच्या मोबाइलसाठी 'नोमा' या नावाने मांडली. दोन फोन, एकच फ्रीक्वेन्सी. टॉवर दूरच्या फोनच्या संदेशाला जास्त शक्ती देतो, जवळच्याला कमी. त्यामुळे जवळचा फोन आधी दूरच्याचा संदेश उलगडतो, तो वजा करतो आणि मग स्वतःचा वाचतो. २०१५ मध्ये झिगुओ डिंग, मुगेन पेंग आणि व्हिन्सेंट पूअर यांनी पुढचं पाऊल टाकलं: दुसऱ्याचा संदेश हाती आलाच आहे, तर जवळच्याने तो पुढे पोचवावा. म्हणजे आमचे काकाच!

फाइव्ह-जीच्या मानकांत नोमाला मुख्य जागा मिळाली नाही. पण मला खटकतं ते वेगळंच. या मांडणीत जवळचा फोन सुस्थितीत आहे, हे गृहीतच असतं.

२२ जुलै २०२१ला सावित्रीच्या पुरात महाड शहर बुडालं. त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळियेवर दरड कोसळली. रस्ते पाण्याखाली, वीज नाही, फोन बंद. बचावपथकं पोचली ती दुसऱ्या दिवशी. ८० हून अधिक माणसं गेली. डोंगरातल्या गावांनी ज्या महाडकडे हाक मारायची, ते नदीकाठचं महाड स्वतःच पाण्यात होतं.

म्हणून रिलेवरचा नवा शोधनिबंध उघडला, की मी आता आधी वेगाचे आकडे बघत नाही. वीज गेल्यावर निरोप्या किती तास जागा राहील, आणि तोच बुडाला तर निरोप कोण नेईल, हे शोधतो.