पंगतीआधीची घटका

गेल्या दिवाळीत पुण्याहून आलेली माझी नात आरशापुढे बसली होती. समोर डब्या, कुंचले, पेन्सिली यांचे दुकान मांडलेले. मी म्हटले, "पाने वाढून झाली, ऊठ आता." ती म्हणाली, "आजी, पाचच मिनिटं! तुमच्या वेळी किती वेळ लागायचा गं?" मी सांगितले, घटकाभर, आणि त्यातली निम्मी घटका चुलीची काजळी धुण्यात जाई. ती हसली. मी मात्र तेव्हापासून त्या घटकेचा इतिहास मनाशी जुळवीत बसले आहे.

माझे माहेर कळंबचे. मांजरा नदीच्या आसऱ्याचे हे तालुक्याचे गाव माझ्या जन्मी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. आमच्या मुलखात साजशृंगार आला तो मुंबई-पुण्याकडून, असा पुष्कळांचा समज असतो. तो खरा नव्हे. आमच्याच जिल्ह्यातले तेर पाहा. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासवर्णनात 'तगर' म्हणून ज्या बाजारपेठेचे नाव येते, ते हे तेर. तिथे हस्तिदंताची एक नाजूक स्त्रीमूर्ती सापडली. तिच्या जातकुळीची दुसरी जालन्याकडे भोकरदनला मिळाली. आणि तिसरी कुठे मिळावी? इटलीतल्या पाँपेईला! इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या त्या नगरात १९३८ साली ती हाती आली. कोणी तिला आरशाची मूठ म्हणतात, कोणी मेजाचा पाय. मधली बाई दागिन्यांनी मढलेली आहे आणि तिच्या दोन्ही अंगांना दोन लहानखुऱ्या दासी आहेत. त्यांच्या हातांत प्रसाधनाची पात्रे आहेत. चित्र पाहताना माझी नजर दर वेळी मधल्या बाईवरून घसरून त्या दोघींवरच जाते. का, ते पुढे येईल.

बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर याने 'मानसोल्लास' लिहिला. ती कल्याणी म्हणजे आजचे कर्नाटकातले बसवकल्याण. आमच्या जिल्ह्याच्या शिवेपासून फारसे दूर नाही. त्या ग्रंथात राजाच्या उपभोगांची जी यादी आहे, तिच्यात स्नान, विलेपन, माळा, भूषणे आणि अन्न ही सारी आहेत. अंगाला लावायचे आणि पानात वाढायचे यांचा विचार एकाच बैठकीत झालेला आहे. राजाला काय, सारे आयते!

आमच्या घरी वाटणारे हात आक्काचे. आक्का म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. पंधराव्या वर्षी वैधव्य आले आणि ती माहेरी परतली, ती कायमचीच. दिवाळीआधी आठ दिवस तिच्या जात्याची घरघर सुरू होई. नागरमोथा, वाळा, कपूरकाचरी, गव्हला, आंबेहळद. सारे उन्हात कडकडीत वाळवायचे, दळायचे आणि मलमलीतून गाळायचे. शरदाच्या अखेरीला आमच्याकडची कोरडी हवा अंगाला लागते, ओठ फुटतात, टाचा उलतात. म्हणून चतुर्दशीला आधी तेल, मग उटणे आणि मग कढत पाणी, हा क्रम. वाग्भटानेही डोके, कान आणि पाय यांना विशेषेकरून तेल लावावयास सांगितले आहे. आक्काला वाग्भट ठाऊक नव्हता, पण आमचे कान तिने कधी सोडले नाहीत.

काजळही तीच धरी. रात्री तुपाची वात लावून तिच्यावर तांब्याची ताटली पालथी घालायची. सकाळी धरलेली काजळी खरवडून लोण्यात खलायची, चिमूटभर कापूर घालायचा. कुंकू मात्र विकतचे, केमचे. करमाळा तालुक्यातले हे केम कुंकवासाठी प्रसिद्ध. हळदीला सवागी आणि लिंबाचा रस पाजला की पिवळ्याचे लाल होते. त्यात जादू नाही, रसायन आहे. पण ते पहिल्यांदा कोणत्या बाईच्या ध्यानात आले असेल?

आता ती घटका. पाडव्याला पुरणाच्या पोळ्या आणि येळवणीची आमटी करून बायका धुराने रडवेल्या झालेल्या असत. पुरुषांची पंगत उठली की त्यांची बसायची. तेवढ्या वेळात साय आणि हरभऱ्याचे पीठ चोळून तोंड धुवायचे, करंगळीने काजळ घालायचे, कपाळी मेण लावून त्यावर कुंकू टेकायचे आणि अंबाड्यात शेवंती खोवायची. झाले! साधेपणाचे कौतुक करणारे त्याला अभिरुची म्हणतात. मला विचाराल तर सवड नव्हती, हेच खरे कारण.

मग बाटल्या आल्या. मुंबईच्या पाटणवालांचा 'अफगाण स्नो' १९१९ पासून विकला जात होता. कळंबला आमच्या घरी तो आला, तेव्हा मी सात-आठ वर्षांची असेन. १९५२ साली टाटांनी 'लॅक्मे' काढले. ते नाव एका फ्रेंच संगीतिकेतले, म्हणजे आपल्या लक्ष्मीचाच फ्रेंच उच्चार. आमच्यापर्यंत ही लक्ष्मी पोहोचायला पुष्कळ वर्षे लागली. स्नोबद्दल एक गंमत सांगते. काजळ, कुंकू, हळद, फुले हे सारे आक्काला वर्ज्य. पण स्नोविषयी रूढीने काही म्हणून ठेवले नव्हते. तो पांढरा होता, नवा होता. काकूने बोटभर पुढे केला, तशी आक्काने तो आधी मनगटाला लावून हुंगला आणि मग दाराआड जाऊन तोंडाला लावला. बाहेर आली तेव्हा कोणी काही बोलले नाही.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडने मे २०२२ मध्ये ठराव करून विधवांचे कुंकू पुसण्याची, बांगड्या फोडण्याची चाल बंद केली. त्याच महिन्यात सरकारनेही इतर गावांना तसे आवाहन केले. ती बातमी वाचली तेव्हा आक्का जाऊन कितीतरी वर्षे झाली होती.

मला आठवते ती १९५६ ची भाऊबीज. त्याच दिवाळीत, १ नोव्हेंबरला, मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला होता आणि घरातले पुरुष त्याच बोलण्यात गुंतलेले. आक्का दरवर्षी वडिलांना ओवाळी. पण कपाळाला कुंकवाचे बोट लावायचे काम माझे. त्या वर्षी मी पुढे झाले, तसे वडिलांनी मला हाताने थांबविले आणि म्हणाले, "आक्का, तूच लाव."

ती उभीच राहिली. मग तिने करंड्यात बोट बुडविले. हात कापल्यामुळे टिळा वाकडा उमटला, नाकापर्यंत ओघळला. वडिलांनी तो पुसला नाही. तसेच पाटावर जेवायला बसले.

रोज दुपारी खरकटी भांडी आक्का घाशी. त्या दिवशी तिने राख आणि काथ्या माझ्या हातात दिला, आणि उजवा हात पदराखाली घेऊन ओट्यावर बसून राहिली.