पागेचे चार महिने

मराठ्यांच्या फौजा पावसाळ्यात छावणीला परतत आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करून मुलूखगिरीवर निघत, हे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. त्याचे कारण म्हणून नद्यांचे पूर आणि शेतीची निकड सांगितली जाते. ते खोटे नव्हे. पण त्यात घोडा विसरला जातो.

घोडा हा मुळात कोरड्या माळरानाचा प्राणी. चिखलात व ओल्या लिदीत तो दिवसचे दिवस उभा राहिला की खुराचे कवच भिजून नरम पडते, नालेचे खिळे धरत नाहीत आणि तळव्याची मऊ गादी कुजून दुर्गंधी सुटते. चाऱ्याचा धोका याहून कपटी. उन्हाळाभर कडब्यावर राहिलेले जनावर कोवळ्या, रसरशीत गवतावर एकाएकी सोडले, किंवा त्याच्यापुढे बेसुमार दाणा ओतला, तर आतड्यांत आंबण होते आणि त्याचा परिणाम, नवल असे की, पायांवर दिसतो. खुराचे कवच आणि आतले हाड यांना जोडणारे नाजूक पापुद्रे सुजतात, सैल होतात. आजार बळावला तर हाड जागचे ढळते. असा घोडा पुन्हा मोहिमेच्या कामाचा क्वचितच होतो.

ही शरीरक्रिया त्या काळी कोणी उलगडली नसेल. व्यवस्था मात्र अनुभवी माणसांची होती. सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजीस बखर लिहिणारा कृष्णाजी अनंत सभासद सांगतो, की छावणीत दाणा, वैरण आणि औषधे आधीच साठवावीत, घोड्यांची घरे गवताने शाकारून ठेवावीत. पागेत पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद असे. मोठ्या सरदारांच्या नावांनी भरलेल्या आपल्या इतिहासात हा नालबंद कोठे दिसत नाही, एवढेच.

ही घडी किती सहज विसकटे, हे शिवाजी महाराजांच्या एका प्रसिद्ध पत्रावरून कळते. राज्याभिषेकाच्या, म्हणजे १६७४ च्या, सुमारास चिपळूण भागातील छावणीच्या जुमलेदार, हवालदार व कारकुनांना ते लिहिलेले आहे. लष्कराचा मुक्काम तेथे पडल्याने पावसाळ्यासाठी केलेली दाण्यावैरणीची तजवीज बरीचशी आधीच खर्ची पडली होती. शंभर इंचांहून अधिक पावसाचा तो मुलूख. पुढे वैरण आणायची कोठून? म्हणून पत्र बजावते, की दाणा आणि गवत मनास येईल तसे चारू नका. साठा सरला की घोडे उपाशी मरतील आणि शिपाई कुणब्यांच्या घरांत शिरतील. मग रयतेला मोगल बरे वाटतील. दिवा जळता ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल, इतकी बारीक सूचनाही त्यात आहे. गवताची गंजी आणि पागा एकदा जळाली, की मागाहून कोणाच्या गर्दना मारल्या तरी पागेचा एक खणही उभा राहणार नाही, असे पत्र स्पष्ट सांगते.