'मर्द' कुणाला म्हणायचं? : हार्लेमच्या अलेन लॉक यांचा धडा

अमेरिकेत गोऱ्या माणसाने साठी ओलांडलेल्या कृष्णवर्णीय गृहस्थालाही 'बॉय' म्हणूनच हाक मारायची, अशी रीत होती. आपल्याकडे गावातल्या सवर्ण पोराने म्हाताऱ्या महाराला 'अरे-तुरे' करावं, तसंच हे. माणूसपण नाकारताना पुरुषपणही नाकारायचं, ही दोन्हीकडची जुनी युक्ती. म्हणून अशा समाजाची चळवळ उभी राहते तेव्हा 'आम्हीही मर्द आहोत' ही घोषणा सगळ्यात आधी येते. ती स्वाभाविक आहे. पण त्या मर्दाचा साचा कुणी ठरवला, हे सहसा कोणी विचारत नाही.

१७ फेब्रुवारी १९१९ रोजी पहिल्या महायुद्धातून परतलेली ३६९वी कृष्णवर्णीय पायदळ रेजिमेंट न्यूयॉर्कच्या फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवरून संचलन करत हार्लेमला गेली. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात वॉशिंग्टन, शिकागो आणि इतर शहरांत गोऱ्या जमावांनी कृष्णवर्णीय वस्त्यांवर हल्ले केले, आणि या वेळी वस्त्यांनी उलट मार दिला. गणवेशातला, बंदूकधारी, न झुकणारा सैनिक हा त्या काळचा आदर्श पुरुष झाला. भीमा कोरेगावचा स्तंभ आणि महार बटालियन यांचा अभिमान बाळगणाऱ्या आपल्या समाजाला ही भावना वेगळी समजावून सांगायला नको.

अलेन लॉक या साच्यात बसणारे नव्हते. १८८५ साली फिलाडेल्फियात जन्म, जेमतेम पाच फूट उंची, लहानपणीच्या आजाराने कमकुवत झालेलं हृदय, नेहमी नीटनेटका पोशाख. १९०७ मध्ये ऱ्होड्स शिष्यवृत्ती मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय. ऑक्सफर्डच्या अनेक कॉलेजांनी त्यांना प्रवेश नाकारला, शेवटी हर्टफर्ड कॉलेजने घेतलं. पुढे हार्वर्डची डॉक्टरेट, आणि वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात तत्त्वज्ञानाचं अध्यापन. आणि ते गे होते. त्या काळात हे जाहीरपणे सांगण्याची सोय नव्हती, पण जवळच्या वर्तुळात ते लपलेलं नव्हतं, आणि त्यांच्या पत्रव्यवहारात ते दिसतं.

लॉक यांना पुरुष आवडत, पण कोणते पुरुष? कविता करणारे, गाणारे, चित्रं काढणारे, मातीला आकार देणारे. काउंटी कलन हा तरुण कवी स्वतःच्या मनातल्या ओढीने गोंधळला होता, तेव्हा त्यांनी त्याला एडवर्ड कार्पेंटरचं पुरुषांमधल्या मैत्रीवरचं 'आयोलस' हे संकलन सुचवलं. १९२३ मध्ये कलनने कळवलं की पुस्तक एका बैठकीत वाचून काढलं, मनातला अंधार कमी झाला. लँगस्टन ह्यूज यांना भेटायला ते १९२४ मध्ये पॅरिसला गेले. कृष्णवर्णीय पुरुषाचं शरीर दगडी गुलामासारखं नव्हे, तर नाचणारं, डौलदार असं घडवणारे शिल्पकार रिचमंड बार्थे यांच्या पाठीशीही लॉक होते.

या नजरेतून डिसेंबर १९२५ मध्ये 'द न्यू नीग्रो' हे संपादित पुस्तक आलं. त्यात विनोल्ड राइस यांनी काढलेली व्यक्तिचित्रं आहेत : कवी कलन, गायक रोलंड हेज, नट पॉल रॉबसन. नाजूक चेहऱ्याचा कवी आणि धिप्पाड नट एकाच पुस्तकात, एकाच सन्मानाने. जो समाज 'बॉय' या एका शब्दात सगळ्यांना कोंबत होता, त्याला हे उत्तर होतं. आमच्यात पुरुष एका प्रकारचा नाही, अनेक प्रकारचा आहे, हे त्या पुस्तकाने दाखवलं. हार्लेम रेनेसाँ म्हणून आज जगभर जे शिकवलं जातं, त्याच्या पायात हे पुस्तक आहे.

'हे भरल्या पोटाचे चोचले आहेत, आधी भाकरीचा प्रश्न' असं आपल्याकडे लगेच म्हटलं जातं. १९२५ मध्येच लॉक यांची हॉवर्डमधली नोकरी गेली. कारण? गोऱ्या आणि कृष्णवर्णीय प्राध्यापकांना समान वेतन मिळावं, या मागणीत ते पुढे होते. १९२८ मध्ये त्यांना परत घेतलं गेलं. भाकरी आणि कविता या दोन वेगळ्या लढाया त्यांनी मानल्या नाहीत.

याच काळात डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस काय करत होते? आपल्याला हे नाव ओळखीचं आहे. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी त्यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या निवेदनाची प्रत मागितली होती. 'द क्रायसिस' या त्यांच्या मासिकाचे व्यवस्थापक ऑगस्टस डिल यांना समलिंगी संबंधावरून अटक झाली, तेव्हा डु बॉइस यांनी अनेक वर्षांच्या या सहकाऱ्याला तडकाफडकी काढून टाकलं. पुढे आत्मचरित्रात त्यांनीच लिहिलं की आपल्याला या विषयाची काही समज नव्हती आणि केलेल्या कृत्याचा फार पश्चात्ताप झाला. इतक्या मोठ्या माणसाकडून हे झालं, यावरून साचा किती खोल रुतलेला असतो ते कळतं.

लॉक यांनाही देव्हाऱ्यात बसवायचं कारण नाही. २१ मार्च १९२४ रोजी न्यूयॉर्कच्या सिव्हिक क्लबमध्ये जेसी फॉसेट यांच्या कादंबरीनिमित्त मेजवानी ठेवली होती. सूत्रसंचालक लॉक होते, आणि सगळा प्रकाश पुरुष लेखकांवर पडला. लेखिकांविषयी त्यांचा हात आखडताच राहिला. तरुण कवींशी असलेलं नातंही नेहमी बरोबरीचं नव्हतं, कारण ओळखी आणि वजन लॉक यांच्याकडे होतं. पुरुषपणाचे साचे मोडणारा माणूसही स्त्रीच्या बाबतीत पुरुषसत्ताक राहू शकतो, ही नोंद आपण घेतलीच पाहिजे.

आता आपल्याकडे या. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिने नाव घेतलं ब्लॅक पँथरकडून. त्याच ब्लॅक पँथरचे सहसंस्थापक ह्युई न्यूटन यांनी ऑगस्ट १९७० मध्ये कार्यकर्त्यांना बजावलं होतं की स्त्रिया आणि समलिंगी हे आपले मित्र आहेत, त्यांच्याबद्दलच्या शिव्या आपल्या तोंडातून गेल्या पाहिजेत. आपण पँथरचा पंजा घेतला, हे म्हणणं मात्र मागे राहिलं. आजही आपल्या सभांत विरोधकाला 'बायल्या' म्हटलं की टाळी पडते. ती शिवी कुणाची? मनूची. स्त्रीला हीन ठरवल्याशिवाय ती शिवी बनतच नाही.

बाबासाहेबांनी १९३४ मध्ये र. धों. कर्वे यांचं वकीलपत्र घेतलं. 'समाजस्वास्थ्य'मध्ये वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना, त्यात समलिंगी संबंधांविषयीच्या प्रश्नालाही, दिलेली उत्तरं अश्लील ठरवून तो खटला भरला होता. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. पण या विषयावर बोलणं म्हणजे अश्लीलता नव्हे, ही बाजू बाबासाहेब उघडपणे न्यायालयात मांडून आले. त्यांचे अनुयायी म्हणवणाऱ्यांनी नव्वद वर्षांनंतर यावर गप्प बसावं, हे शोभत नाही.

आपल्या वस्त्यांत जलशात गाणारी, नाचणारी, भिंतींवर बाबासाहेब रंगवणारी, रात्री वहीत कविता लिहिणारी मुलं आहेत. त्यातली काही गे असतील, काही नसतील. 'मर्दासारखा वाग' एवढंच ऐकत ती मोठी झाली, तर चळवळीला सैनिक मिळतील, पण गाणं मिळणार नाही.

लॉक १९५४ मध्ये वारले. त्यांच्या अस्थींना वॉशिंग्टनच्या दफनभूमीत जागा मिळायला २०१४ साल उजाडलं. साठ वर्षं! आपल्या मुलांना जिवंतपणीच जागा करून देणं आपल्या हातात आहे.

जय भीम.