तलाव सरकारचे झाले, तेव्हा काय गेलं?

बिरसीहून विमान उडालं की खिडकीतून खाली बघा. पावसाळा सरता सरता गेलात, तर धानाच्या बांध्यांमध्ये जागोजागी पाणी चमकताना दिसतं. ते तलाव आणि बोड्या निसर्गाने फुकटात दिलेल्या नाहीत, माणसांनी पाळी टाकून बांधल्या आहेत. बिरसीची धावपट्टी इंग्रजांनी १९४० मध्ये, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात केली. आपले बरेचसे तलाव त्याहून कितीतरी जुने.

गोंड राजांच्या काळात साधा व्यवहार होता. तलाव बांध, त्याखालची जमीन कस. कोहळी समाज यात तरबेज. नवेगावचा बांध कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं आजही सांगतात. वरच्या तलावाचं जास्तीचं पाणी सलंगावरून वाहून खालच्या तलावात जायचं. भर पोटरीत पावसाने दडी मारली की तुडूम उघडून धान वाचवायचा. उन्हाळ्यात गाळ काढून शेतात टाकायचा. मासोळी ढीवरांची. ज्याला पाणी पाहिजे, त्याने पाळीची काळजी घ्यायची.

शहर किती जमीन आणि किती पाणी खातं हे मोजायला विल्यम रीस आणि मॅथिस वॅकरनागल यांनी १९९० च्या दशकात कॅनडात ‘इकॉलॉजिकल फूटप्रिंट’ ही कल्पना मांडली. आपल्या गावांना मोजमाप माहीत नव्हतं, पण मर्यादा माहीत होती. तलावात जेवढं पाणी, तेवढाच धान.

हे सगळं सोन्याचं होतं असं मी म्हणत नाही. मालगुजार हा मालक होता, आणि मालकी म्हटली की जुलूमही आला. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, ते बरंच झालं. पण १९५१ मध्ये तलावही सरकारजमा झाले. ‘माजी मालगुजारी’ म्हणून त्यांचं नाव पडलं ‘मामा तलाव’. शंभर हेक्टरपर्यंत सिंचन करणारे जिल्हा परिषदेकडे, मोठे पाटबंधारे खात्याकडे. मालक बदलला, पण राखणदार कोणीच उरला नाही. गाळ साचला, बेशरम माजली, पोटात अतिक्रमण झालं.

गोंदिया शहराचं तर आणखी पुढे गेलं. आपलं पाणी डांगोरलीहून, वैनगंगेतून येतं. नळ उघडणाऱ्याला नदी दिसत नाही, म्हणून ती आटली तरी पोटात गोळा येत नाही. पाणी आपलं आणि काळजी दुसऱ्याची, अशी सवय लागली.

तुटलेला हा धागा पुन्हा जोडता येतो. अर्जुनी मोरगाव भागात मनीष राजनकर आणि भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढीवरांना सोबत घेऊन तलावांतली बेशरम काढली, देशी पाणवनस्पती लावल्या, देशी मासोळी परत आणली. म्हणजे जे तलावावर जगतात, त्यांच्याच हाती राखण दिली.

आपण शहरवाल्यांनी काय करायचं? प्लॉट घेताना सात-बारासोबत जुना नकाशाही बघा; तिथे बोडी असेल तर सौदा सोडा. छताचं पाणी नालीत न सोडता विहिरीत, बोअरमध्ये मुरवा. निर्माल्य, प्लास्टिक आणि पीओपीची मूर्ती तलावात टाकू नका. भांड्यांचं पाणी परसातल्या झाडांना द्या. आणि नगरसेवक मत मागायला आला की रस्त्यासोबत तलावाचंही विचारा.

बिरसीकडचा रस्ता आता प्लॉटांच्या पाट्यांनी भरतो आहे. त्याच पट्ट्यात झिलमिली, परसवाडा हे तलाव आहेत, आणि महाराष्ट्रात जे थोडे सारस उरले ते मुख्यतः आपल्याच जिल्ह्यात. बोडी बुजवायला दोन दिवस आणि चार टिप्पर पुरतात. बांधायला पिढी लागली होती.

आज घरातल्या म्हाताऱ्या माणसाला एवढंच विचारा: आपलं घर आहे तिथे आधी काय होतं?