वादळ हे उत्तर नव्हे : कोरब्याची चिमणी आणि काँक्रीटची साक्ष

२३ सप्टेंबर २००९ च्या दुपारी छत्तीसगडमधील कोरबा येथे विजांच्या कडकडाटासह पाऊस कोसळत होता. भारत ॲल्युमिनियम कंपनीच्या, म्हणजेच बालकोच्या, औष्णिक वीजप्रकल्पासाठी २७५ मीटर उंचीची काँक्रीटची चिमणी उभारली जात होती. बांधकाम सुमारे २४० मीटरपर्यंत पोहोचले होते. पावसामुळे अनेक कामगार तिच्या पायथ्याशी आडोशाला थांबले असताना ती कोसळली. किमान ४० कामगार मृत्युमुखी पडले. त्यांतील बरेचजण पोटासाठी परराज्यांतून आलेले होते.

दुर्घटनेनंतर पहिले बोट वादळाकडे आणि विजेकडे दाखवले गेले. हे उत्तर सोयीचे असते, कारण निसर्गावर खटला भरता येत नाही. अपघाताचा शोध घेणारा अभियंता मात्र निमित्त आणि कारण यांत भेद करतो. निमित्त म्हणजे शेवटचा धक्का. तो धक्का सोसण्याची शक्ती रचनेत का नव्हती, याचे स्पष्टीकरण म्हणजे कारण. उंच चिमणीने वारा, पाऊस आणि वीज सोसावी, हे तिच्या आराखड्यातच गृहीत धरलेले असते.

हा भेद इंग्लंडमधील फेरीब्रिज येथे ठळकपणे दिसला होता. १ नोव्हेंबर १९६५ रोजी तेथील वीजकेंद्राच्या आठ शीतक मनोऱ्यांपैकी तीन वादळात पडले. नवल असे की, वाऱ्याला थेट सामोरी असलेली रांग उभी राहिली आणि तिच्या आडोशाची मागची रांग ढासळली. केवळ वाऱ्याचा जोर हे कारण असते, तर याच्या उलट घडायला हवे होते. मनोरे जवळजवळ उभारल्याने पुढच्या रांगेमागे वाऱ्याचे प्रवाह खवळले होते, आणि आराखड्यात वाऱ्याच्या क्षणिक झोतांऐवजी सरासरी वेग धरला होता, असे तपासात निष्पन्न झाले. वादळ खरेच होते, पण चूक गणितात होती.

बांधकाम चालू असलेल्या रचनेत आणखी एक प्रश्न उभा राहतो, तो काँक्रीटच्या वयाचा. काँक्रीट वाळून घट्ट होत नाही. सिमेंट आणि पाणी यांच्या रासायनिक अभिक्रियेतून त्याला ताकद येते, आणि ती साधारणपणे २८ दिवसांच्या वयाला मोजली जाते. म्हणूनच बांधकामावर ‘पाणी मारणे’ हे दुय्यम काम नाही. भारतीय मानक आयएस ४५६ नुसार साध्या पोर्टलँड सिमेंटचे काँक्रीट किमान सात दिवस ओले ठेवावे लागते. पाणी लवकर आटले, तर अभिक्रिया अर्धवट राहते. बाहेरून पाहणाऱ्याला त्यातले काहीच दिसत नाही.

कोरब्याच्या अवशेषांचे विश्लेषण रायपूरच्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेने केले. काँक्रीटवर पुरेसे पाणी न मारल्याने त्याला अपेक्षित ताकद आली नाही, यावर त्या विश्लेषणात बोट ठेवले गेले. आराखडा आणि जागेची माती यांविषयीही त्यात आक्षेप होते.

अशी साक्ष मिळवण्याच्या पद्धती ठरलेल्या आहेत. काँक्रीटमधून दंडगोलाकार नमुने कापून काढतात आणि यंत्राखाली दाबून फोडतात. आयएस ४५६ प्रमाणे किमान तीन नमुन्यांची सरासरी ताकद अपेक्षित ताकदीच्या ८५ टक्के हवी आणि एकही नमुना ७५ टक्क्यांखाली जाता कामा नये. पडलेल्या रचनेबाबत येथे एक अडचण येते. आदळण्यानेच काँक्रीटला सूक्ष्म तडे गेलेले असू शकतात. त्यामुळे वेगवेगळ्या उंचीवरच्या तुकड्यांची तुलना करतात, रासायनिक पृथक्करणाने सिमेंटचे प्रमाण काढतात आणि हे सारे बांधकामाच्या वेळच्या चाचणी-नोंदवहीशी ताडून पाहतात. एकटा पुरावा फसवू शकतो. अनेक स्वतंत्र पुरावे एकाच दिशेने निघाले, तरच निष्कर्ष टिकतो.

अमेरिकेतील विलो आयलंड येथे २७ एप्रिल १९७८ रोजी बांधकामाधीन शीतक मनोरा कोसळून ५१ कामगार दगावले. तेथील तपासात आढळलेले कारण साधे होते. आदल्या दिवशी ओतलेल्या काँक्रीटला पुरेशी ताकद येण्याआधीच त्याच्यावर पुढच्या कामाचा भार टाकला गेला होता.

कोरबा प्रकरणी राज्य शासनाने न्यायिक चौकशी आयोगही नेमला. प्रयोगशाळा आणि न्यायासन यांचे प्रश्न वेगळे असतात. काय मोडले आणि का मोडले, हे प्रयोगशाळा सांगते. जबाबदार कोण, हे न्यायासन ठरवते. पण पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘वीज पडली’ एवढ्यावरच थांबले असते, तर दुसरा प्रश्न विचारायलाच जागा उरली नसती.